आठ नंबरचा दम गेला कुठे? डिचोलीतल्या एका अंडर-१५ पोराच्या फिटनेस टेस्टची गोष्ट

केस गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या फुटबॉल क्लबची आहे. पोराचं नाव देत नाही, जर्सी नंबरनेच बोलू. आठ नंबर, सेंट्रल मिडफिल्ड, जूनमध्ये १४ वर्षांचा, सप्टेंबरात १५ पूर्ण, दहावीला. मी शाळेत पीई शिकवतो आणि संध्याकाळी क्लबात फिटनेसचं बघतो, त्यामुळे ह्या पोराचे शाळेतले आणि मैदानावरचे दोन्हीकडचे आकडे माझ्याकडे होते, नाहीतर हे प्रकरण सुटलंच नसतं.

झालं असं की ऑक्टोबरात क्लबने सगळ्या पोरांची यो-यो टेस्ट (बीपच्या तालावर दम संपेपर्यंत धावायची टेस्ट) घेतली आणि असिस्टंट कोचने नंबर लावून लिस्ट व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली. पहिला आला अकरा नंबरच्या जर्सीचा पोरगा. आठ नंबर, जो जूनमध्ये वरच्या चार-पाचात होता, तो खाली एकदम तळाशी. जूनमध्ये ११२० मीटर धावलेला पोरगा ८०० ला बाहेर. हेड कोच कोकणीतून एवढंच म्हणाले, "ताका दम ना", आणि पुढच्या मॅचला त्याला बाकावर बसवलं. रात्री त्याच्या पपांचा मला फोन. "सर, ऑगस्टमध्ये त्या अकॅडमीच्या ट्रायलला ह्याचा व्हीओटू मॅक्स ५२.९ आला होता, आता क्लबच्या शीटवर ४३.१ लिहिलंय, दोन महिन्यात दहा पॉइंट कसे जातील? मोबाईल काढून घेऊ का? ट्यूशन बंद करू का?"

व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून धावताना शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा. आता त्यातले दहा पॉइंट दोन महिन्यात असेच जात नाहीत. पोरगा महिनाभर खाटेवर पडून असला तर वेगळी गोष्ट. हा तर चवथीच्या आरत्यांना रात्रभर घुमट वाजवत फिरत होता.

म्हणून आधी आकडाच उघडून बघितला. अकॅडमीने घेतली होती बीप टेस्ट, म्हणजे २० मीटरची शटल रन (बीप वाजेपर्यंत समोरच्या लाईनला पोचायचं आणि परत वळायचं), लेजे नावाच्या कॅनडातल्या संशोधकाची, ८.५ किमी ताशी वेगाने सुरू होते आणि दर मिनिटाला अर्धा किमी वाढतो, मध्ये विश्रांती नाही. पोरगा लेव्हल ९ पर्यंत गेला, म्हणजे वेग १२.५. लेजे मंडळींनी १९८८ मध्ये ८ ते १९ वयाच्या मुलांसाठी जो फॉर्म्युला दिला त्यात शेवटचा वेग आणि वय अशा दोन गोष्टी घालतात. १२.५ आणि १४ घातलं की येतं ५२.९. अगदी बरोबर, हिशोबात चूक नाही. पण आता गंमत बघा, तोच पोरगा, तीच लेव्हल ९, फक्त वय १४ च्या जागी १५ घाला, उत्तर येतं ५१.६. म्हणजे वाढदिवसाचा केक कापला आणि १.३ पॉइंट गेले, एक पाऊलही कमी न धावता!

क्लबची यो-यो टेस्ट वेगळी. डेन्मार्कच्या येन्स बान्ग्सबोची, इंटरमिटंट रिकव्हरी लेव्हल १. त्यात २० मीटर जाऊन २० मीटर परत, मग १० सेकंद विश्रांती, त्यात ५ मीटर पुढे जाऊन हळू परत यायचं, आणि वेग १० पासून सुरू होऊन वाढत जातो. दोनदा लाईनवर वेळेत पोचला नाही की आउट. फुटबॉलमध्ये असंच तोडून तोडून धावावं लागतं म्हणून कोच लोकांना ही जास्त आवडते, आणि मलाही. ह्याचा फॉर्म्युला आहे, मीटर गुणिले ०.००८४ अधिक ३६.४. जूनचे ११२० घातले तर ४५.८, ऑक्टोबरचे ८०० घातले तर ४३.१.

जरा त्या ३६.४ कडे बघा. शून्य मीटर धावणारा, म्हणजे बाहेर बाकावर चणे खात बसलेला माणूससुद्धा ह्या हिशोबाने ३६.४ चा निघतो. फॉर्म्युला मोठ्यांच्या आकड्यांवरून काढलेला आहे आणि बान्ग्सबो लोकांनी स्वतःच लिहिलंय की एकेका खेळाडूचा व्हीओटू ह्यावरून काढणं तितकंसं पक्कं नाही, मीटरचा आकडाच वापरा. पण मीटर लिहिले की कुणाला इम्प्रेसिव्ह वाटत नाही, व्हीओटू मॅक्स लिहिलं की शीट सायंटिफिक दिसते, म्हणून सगळेच ते करतात.

म्हणजे पपांनी जे ५२.९ उणे ४३.१ केलं ती वजाबाकीच होत नाही. दोन वेगळ्या टेस्ट, दोन वेगळे फॉर्म्युले. जूनमध्ये पोरगा मस्त फिट होता तेव्हाही यो-योच्या हिशोबाने तो ४५.८ चाच होता, म्हणजे नुसत्या टेस्ट बदलण्यानेच सात पॉइंटचा फरक आहे. खरा व्हीओटू मॅक्स लॅबमध्ये ट्रेडमिलवर तोंडाला मास्क लावून, श्वासातला ऑक्सिजन मोजून काढतात, आणि मुलांच्या बाबतीत तिथेही घोळ असतो कारण मोठ्यांमध्ये शेवटी ऑक्सिजनची रेषा सपाट होते तशी पुष्कळ मुलांमध्ये होतच नाही, म्हणून मुलांसाठी मॅक्स न म्हणता व्हीओटू पीक म्हणतात. पपा लॅबमध्ये न्यायला तयार होते, मी म्हटलं थांबा, अजून आपल्याकडे घरचीच माहिती पुष्कळ आहे.

राहिला खरा प्रश्न, ११२० वरून ८००. हा तर एकाच टेस्टमधला फरक. आठ फेऱ्या.

जूनची टेस्ट कुठे झाली होती? पाऊस सुरू झाला होता, मैदानात चिखल, म्हणून शाळेच्या छपराखालच्या बास्केटबॉल कोर्टवर, सकाळी सातला. कोर्ट २८ मीटर लांब, त्यात २० अधिक ५ व्यवस्थित बसतात. ऑक्टोबरची कुठे झाली? पंचायतीच्या मैदानावर, दुपारी साडेतीनला, स्टड घालून. गोव्यातला ऑक्टोबर ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, पाऊस गेलेला, वारा नाही, हवा एवढी दमट की उभं राहिलं तरी शर्ट चिकटतो. अशा हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करायला रक्त कातडीकडे जातं, स्नायूंना कमी मिळतं, आणि तेवढ्याच वेगाला हार्टरेट जास्त चढतो. शिवाय त्या मैदानाला एका गोलपोस्टकडे उतार आहे, पावसाने वाहून आलेली लाल माती तिथे जमते आणि नेमकी वळायची लाईन तिथेच आखलेली.

आणि लाईन आखली कशी? असिस्टंटने पावलं टाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुताराचा स्टीलचा टेप घेऊन गेलो, चुन्याच्या खुणा अजून होत्या, मोजलं तर २१ मीटर. एक मीटरने काय होतंय असं वाटतं पण बीपची वेळ तीच राहते आणि अंतर ५ टक्के वाढतं, म्हणजे जिथे ऑडिओ म्हणतो १४.५ तिथे पोरं प्रत्यक्षात १५.२ ने धावत होती. अर्ध्या किमीपेक्षा जास्त, म्हणजे एका लेव्हलहून जास्त फरक. अकरा नंबरसारख्या दमदार पोराला सुद्धा ते जड गेलं असणार.

मग जूनची लिस्ट आणि ऑक्टोबरची लिस्ट शेजारी ठेवली, नंबर नाही, मीटर. जवळजवळ सगळी टीमच खाली आली होती! बहुतेक पोरं दोन-तीन फेऱ्यांनी कमी. हे कुणालाच दिसलं नाही कारण सगळे रँक बघत होते. रँकमध्ये सगळे एकत्र बुडाले तर कुणीच बुडालेलं दिसत नाही. म्हणजे ऊन, माती, २१ मीटर आणि चवथीच्या सुट्टीत बंद पडलेली प्रॅक्टिस, हे सगळं मिळून दोन-तीन फेऱ्या. सुट्टीचा भाग खरा आहे हां, दोन आठवडे काही न केल्याने दम थोडा उतरतोच, तो मी नाकारत नाही.

पण आठ नंबर आठ फेऱ्यांनी उतरला, बाकीच्या पाचांचं काय?

हेड कोचचं म्हणणं श्रावणात मासे सोडले त्यामुळे अशक्तपणा आला. हसू नका, अगदीच उडवून लावण्यासारखं नाही ते, लोह कमी पडलं आणि हिमोग्लोबिन उतरलं तर रक्त ऑक्सिजन कमी वाहतं आणि पहिला फटका दमालाच बसतो. आईने आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १३.४, ठीक. मासे निर्दोष सुटले.

शाळेत दरवर्षी खेलो इंडियाच्या असेसमेंटसाठी ६०० मीटर घ्यावी लागते, उंची-वजनही लिहावं लागतं. जूनमध्ये ह्या पोराची वेळ होती २ मिनिटं १० सेकंद. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी त्याच मैदानाला त्याच गोल चकरा मारून घेतली, आली २ मिनिटं ६ सेकंद. सुधारली! आता ६०० मीटर म्हणजे शुद्ध एरोबिक नाही, दोन मिनिटांच्या जीव तोडून धावण्यात ऑक्सिजनचा वाटा अर्ध्याहून थोडा जास्त असतो, उरलेलं उधारीवर चालतं, त्यामुळे एवढ्यावरून फार उड्या मारता येत नाहीत. पण दम खरंच एवढा गेला असता तर ६०० ला वेळ वाढली असती, कमी नसती झाली.

मग फरक कुठे? गोल चकरीत वळायला लागत नाही. यो-योत प्रत्येक फेरीत २० मीटरवर थांबून १८० अंशात वळायचं.

एका पालकाने ऑक्टोबरच्या टेस्टचा व्हिडिओ काढला होता, तो मागवून घेतला आणि स्लो करून बघितला. डावीकडून वळताना ठीक, उजवा पाय रोवून वळायचं आलं की हा पोरगा दोन छोटी पावलं जास्त टाकत होता, मग पुढचे पाच मीटर धडपडत भरून काढत होता. शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत तर लाईनवर पोचायच्या आधीच ब्रेक. दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं.

"गुडघा दुखतो का रे?"

"नाही सर." मग थोड्या वेळाने, "वाकलो की थोडा."

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं तर खेळू देणार नाहीत ना सर, आधीच दहावी आहे."

उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला टेंगूळ, बोटाने दाबलं की तोंड वाकडं. डॉक्टरांनी बघून ऑसगुड-श्लॅटर सांगितलं. वाढीच्या वयातल्या, उड्या मारणाऱ्या आणि वळसे घेणाऱ्या पोरांमध्ये हे भरपूर दिसतं, हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू आणि त्याचं स्नायुबंधन हाडाच्या कोवळ्या भागाला ओढतं आणि तिथे दुखायला लागतं.

आणि भराभर वाढला होताच. जूनमध्ये उंची १५६ सेंमी, वजन ४४. नोव्हेंबरात १५९ आणि ४८. चार-पाच महिन्यात ३ सेंमी, म्हणजे वर्षाला ७-८ सेंमीचा वेग. मुलांमध्ये उंचीच्या वाढीचा सगळ्यात जोराचा काळ सरासरीने १४ च्या आसपास येतो, कुणाला १२ ला, कुणाला १६ ला, हा पोरगा जरा उशिराच्या गाडीचा. बाकावर बसवून बसलेली उंची मोजली आणि मिरवाल्डच्या २००२ च्या समीकरणात घातली, ते सांगतं की ही वाढीची लाट आत्ताच चालू आहे, समीकरणात वर्षभर इकडे तिकडे होऊ शकतं पण चप्पल चार महिन्यात लहान झाली हे आईने सांगितल्यावर मला समीकरणाची तशी गरज नव्हती. ह्या काळात पाय लांब होतात, मेंदूला त्या नव्या पायांचा अंदाज यायला वेळ लागतो, वळणं बिघडतात, तेवढ्याच वेगाला जास्त ताकद खर्च होते.

वजनाचा मुद्दा वेगळाच आहे आणि माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित. व्हीओटूचा आकडा दर किलोमागे दर मिनिटाला किती मिलिलिटर असा असतो. जूनचे ४५.८ गुणिले ४४ किलो, साधारण २०१५ मिलिलिटर. ऑक्टोबरचे ४३.१ गुणिले ४८, साधारण २०७०. म्हणजे ज्या फॉर्म्युल्यावर माझा फारसा भरवसा नाही त्याच फॉर्म्युल्याने बोलायचं तर दर मिनिटाला हा पोरगा जूनपेक्षा जास्त ऑक्सिजन वापरतोय, खराब हवा, २१ मीटर आणि दुखरा गुडघा धरूनही! (वजन नोव्हेंबरचं आहे, ऑक्टोबरात अर्धा किलो कमी असेल, तरी फरक पडत नाही.) वाढीच्या वयात मुलांचा एकूण ऑक्सिजनचा आकडा वाढतच जातो, हृदय मोठं होतं, रक्त वाढतं, पण वजनाने भागलं की तो जागच्या जागी राहिलेला किंवा उतरलेला दिसतो. म्हणून पुष्कळ संशोधक सरळ वजनाने न भागता वजनाचा ०.६७ किंवा ०.७५ घात घेऊन भागतात. ते क्लबच्या मैदानावर करायला नको, पण उंची-वजनाचा रकाना टेस्टच्या शीटवर असायलाच हवा, आमच्या शीटवर तो नव्हता.

अकरा नंबरबद्दलही सांगतो, कारण लिस्टमध्ये तो पहिला. जानेवारीचा जन्म, ओठावर मिसरूड, उंची १७२, वाढ जवळपास संपलेली. तो चांगला खेळतो, त्याचं श्रेय काढून घेत नाही. पण दोघांची जन्मवर्षं तीच असली तरी शरीराने तो आठ नंबरपेक्षा दोन-एक वर्षं मोठा आहे, आणि दोघांना एकाच लिस्टमध्ये वरखाली लावून एकाला दम आहे आणि एकाला नाही म्हणणं मला पटत नाही. हे मी हेड कोचना बोललो, ते म्हणाले "सर, मॅचमध्ये समोरचा टीम वय विचारून धावत नाही." ह्यात त्यांचं पण खरं आहे. रविवारी जिंकायला अकरा नंबर लागतो. पण पोरगा ठेवायचा की काढायचा हे ठरवताना तो आकडा चालणार नाही, एवढ्यावर आमचं जुळलं.

मग काय केलं. तीन आठवडे आठ नंबरची वळणाची आणि उड्यांची कामं बंद, डॉक्टरांनी सांगितलेले मांडीचे व्यायाम आणि ताण, पासिंग चालू, दमासाठी सायकल आणि मैदानाभोवती गोल धावणं. हेड कोचना सगळ्या टीमला ४ गुणिले ४ द्यायचं होतं, ते हेल्गेरुडच्या २००१ च्या नॉर्वेतल्या अभ्यासावरून, ज्यात ज्युनिअर खेळाडूंनी आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे, दर वेळी चारदा चार-चार मिनिटं कमाल हार्टरेटच्या ९० ते ९५ टक्क्यांवर धावून व्हीओटू मॅक्स ५८.१ वरून ६४.३ ला नेला होता. अभ्यास चांगलाच आहे, पण ती पोरं १८ ची होती, आणि आमची १४-१५ ची चढावर धावायला लावली की पाचव्या दिवशी निम्मी गायब. म्हणून बाकीच्यांना छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार, चार मिनिटांचे डाव, बॉल बाहेर गेला की लगेच दुसरा आत. हार्टरेट जवळपास तेवढाच चढतो आणि कुणी कुरकुरत नाही.

हार्टरेट मोजायला छातीचा पट्टा आणला, मनगटाचं घड्याळ धावताना-वळताना मध्येच भलतेच आकडे दाखवतं. कमाल किती धरायचा ह्यावर पण वाद, घड्याळ २२० वजा वय करून २०५ सांगत होतं. मुलांमध्ये तो फॉर्म्युला उपयोगाचा नाही, किशोरवय संपेपर्यंत कमाल हार्टरेट वयाबरोबर फारसा बदलतच नाही आणि पोरापोरात फरक मोठा असतो. आठ नंबरचा प्रत्यक्ष बघितलेला सर्वात वरचा होता २०१, तोच धरला.

नोव्हेंबरच्या शेवटी, गुडघा बरा वाटायला लागल्यावर, यो-यो पूर्ण न घेता फक्त पहिली सहा मिनिटं घेतली, शेवटाला हार्टरेट १८४, म्हणजे कमालच्या ९१-९२ टक्के. ही सहा मिनिटांची पद्धत मला मुलांसाठी फारच आवडते, कुणी मरेस्तोवर धावत नाही, कुणी पहिला कुणी शेवटचा होत नाही, मॅचच्या आठवड्यातही घेता येते, आणि तेवढ्याच कामाला हार्टरेट उतरला की दम वाढला समजायचं. डिसेंबरच्या मध्यावर पुन्हा घेतली तेव्हा १७८, ८८-८९ टक्के. तेच कोर्ट, तीच सकाळची सातची वेळ, तेच शूज, आदल्या दिवशी हलकी प्रॅक्टिस, सकाळी पेज खाऊन दीड तास झालेला.

पूर्ण टेस्ट त्यानंतर चार दिवसांनी, स्टीलच्या टेपने मोजलेल्या २० मीटरवर. आली १०८० मीटर. जूनपेक्षा एक फेरी कमी. पपांचा चेहरा जरा पडला, "म्हणजे अजून ११२० नाही ना सर?" त्यांना सांगितलं की मोठ्या खेळाडूंमध्येसुद्धा हीच टेस्ट दोनदा घेतली तर ५ टक्क्यांच्या आसपास फरक येतो, मुलांमध्ये त्याहून जास्तच धरा, तर ११२० वर ५ टक्के म्हणजे ५६ मीटर, एक फेरी ४० ची आहे. जून आणि डिसेंबर सारखेच. आणि वजन ४ किलोने जास्त घेऊन धावलाय तो. पटलं की नाही माहीत नाही, मान हलवली.

क्लबच्या शीटवर आता व्हीओटूचा रकाना काढून टाकलाय, त्याजागी मीटर, सहा मिनिटांचा हार्टरेट, उंची, वजन, जागा आणि हवा. ग्रुपवर लिस्ट टाकणं बंद झालेलं नाही, असिस्टंटला ते आवडतं, पण आता प्रत्येकासमोर त्याचाच मागचा आकडा असतो आणि नावं एबीसीडीने लावलेली असतात. आठ नंबर डिसेंबरच्या शेवटच्या मॅचला दुसऱ्या हाफला उतरला, वीस-पंचवीस मिनिटं खेळला, संध्याकाळी गुडघ्याला बर्फ लावून बसला होता, त्यामुळे जानेवारीची पूर्ण टेस्ट त्याच्यापुरती पुढे ढकलली आहे, सहा मिनिटांचीच घेणार.